मॅडमच्या ओटीतला खण

आमच्याकडे फॅशनवर बोलायला कोणी मोठं माणूस आलं, की फॅशनची पाळी सगळ्यात शेवटी येते. आधी दीपप्रज्वलन. मग स्वागतगीत. मग ज्यांनी हॉल दिला त्यांचा सत्कार, ज्यांनी नाश्ता दिला त्यांचा सत्कार, आणि ज्यांनी मागच्या वर्षी सगळ्यांचे सत्कार केले त्यांचाही सत्कार. पाहुणे माइकपाशी पोचेपर्यंत मागच्या बायका जेवणाच्या हॉलचं दार उघडलं का, हे बघायला लागलेल्या असतात. मला या कार्यक्रमांचा आता मनस्वी राग आहे. पण काही वर्षं मी त्यांना हौसेनं जात होते, इस्त्रीची साडी नेसून पुढच्या रांगेत बसत होते आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होते.

अमरावतीत आमचं बुटीक होतं. 'होतं' म्हणायची अजून सवय झालेली नाही. राहत्या घराची पुढची खोली, तिला रस्त्याकडून शटर, आत दोन मशिनी आणि एक मोठा आरसा. आम्ही दोघी जावा ते चालवायचो. मी मोठी. मापं घेणं, गिऱ्हाईक सांभाळणं, उशीर झाला की थापा मारणं, ही तोंडाची कामं माझी. धाकटीचं तोंड कमी चालायचं आणि हात फार चालायचा. तिचं माहेर बार्शीटाकळीकडचं. बारावीनंतर तिनं अकोल्याला फॅशन डिझाइनचा कोर्स केला होता आणि लग्न ठरताना मुलाकडच्यांना स्वतःच विचारलं होतं, की तुमच्या घरी मशीन ठेवायला जागा आहे काय. माझ्या सासूबाईंना ते उद्धट वाटलं. मला ती तेव्हाच आवडली.

गिऱ्हाइकं मात्र आपली नेहमीचीच. मोबाइलवर फोटो काढून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "सेम टू सेम असंच पायजे." गळा तसाच, बाही तशीच, फक्त फोटोतल्या बाईची कंबर आणि हिची कंबर यांत जे अंतर असे ते आम्ही भरून काढायचं. लग्नसराईत श्वास घ्यायला फुरसत नसे. शिवायला येत तो कापड बाजारातला नवा माल. ओटीत आलेले खण आमच्याकडे कधीच येत नसत. त्या खणांचा जन्म शिवून घेण्यासाठी नसतोच. ते कपाटात जातात, कोणी सवाष्ण आली की बाहेर येतात, तिच्या ओटीत बसून दुसऱ्या कपाटात जातात. एक जांभळा खण माझ्याकडून गेला आणि दोन वर्षांनी माझ्याच ओटीत परत आला होता. घडीवरच्या तेलाच्या डागावरून मी तो ओळखला, आणि पुढच्या हळदीकुंकवाला निमूटपणे पुढं ढकलला.

धाकटीला सेम टू सेमचा वीट आला होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती स्वतःचं काहीतरी भरत बसायची. ते बघून मीच तिला पहिल्यांदा एका 'नेटवर्किंग मीट'ला नेलं. अमरावतीतच होती, एका हॉटेलच्या तळघरात. गळ्यात दोरीला अडकवलेलं नावाचं कार्ड, हातात कागदी पिशवी, तिच्यात पेन आणि कुठल्याशा मशीन कंपनीची पत्रकं. प्रत्येकीनं एका मिनिटात आपली ओळख करून द्यायची होती. मी कोण, मी काय करते, मला काय हवं आहे. आमच्या बायकांना यातलं 'मी कोण' एवढंच कळलं. एकीनं माहेर सांगितलं, दुसरीनं सासर सांगितलं, तिसरी मधूनच उठून म्हणाली, "पातूरच्या काय तुमी? मंग तं आमच्या मामीकडून पाव्हण्या लागता." जेवणाच्या वेळेपर्यंत हॉलमधल्या निम्म्या बायका एकमेकींच्या नात्यात निघाल्या होत्या. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप झाला. त्यात महिनाभरात गुड मॉर्निंग आलं, साड्यांचा सेल आला, एका शिकलेल्या मुलाचं स्थळ आलं. काम कोणाचंच आलं नाही. मला ते तेव्हा गमतीचं वाटायचं. मी घरी येऊन नकला करायचे आणि धाकटी दोऱ्याचं टोक दातात धरून हसायची.

हसण्यावारी नेण्याचे दिवस मग संपले. माझा दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, कापड बाजारात एका होलसेल दुकानात सेल्समन होता. त्या दुकानाला माल पाठवणाऱ्या सुरतेच्या शेठनं त्याला तिकडं बोलावलं. राहायला खोली, इथल्यापेक्षा बरा पगार. दीर भला माणूस. तो जेवताना म्हणाला, "वहिनी, तुमच्या दुकानाचं काही मोठं जमून राह्यलं असन तं सांगा. मी सुरतेले नाई म्हणतो अन् तुमच्यासंगच लागतो. नाई तं दिवाळी झाली का आमाले जा लागन." यात त्याचं काही चुकलं नव्हतं. एका पुढच्या खोलीतल्या बुटीकवर दोन संसार चालत नाहीत, हे मलाही दिसत होतं.

धाकटी ताटातलं बोटानं इकडून तिकडं करत राहिली. रात्री भांडी घासताना मला म्हणाली, "मले नाई जायचं ताई तिकडं. तिकडं माह्या हातचं कोण पाहीन?"

म्हणजे दिवाळीपर्यंत काहीतरी मोठं व्हायला हवं होतं. आणि आषाढ संपता संपता ग्रुपवर निरोप आला, की श्रावणात अकोल्याला मीट आहे आणि मुंबईहून एक मॅडम व्याख्यानाला येणार आहेत. कपड्यांची दुकानं गावोगाव असलेल्या एका मोठ्या कंपनीसाठी त्या हाताचं काम निवडतात. व्याख्यानानंतर तासभर त्या हॉलमध्ये थांबतील, आणि ज्यांना आपलं काम दाखवायचं आहे त्यांनी ते घेऊन यावं. मी तो निरोप धाकटीला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं तो परत एकदा वाचायला लावला. माझ्या नकलांचा विषय असलेल्या त्या कार्यक्रमांवर आम्ही दोघींनी त्या दिवशी सगळं लावून टाकलं.

काय न्यायचं, यावर तिनं फार विचार केला नाही. तिच्या डोक्यात ते आधीपासूनच असावं. कपाशीचं फूल उमलतं तेव्हा पिवळट पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी तेच झाडावर गुलाबी होतं. आपल्या भागातल्या पोरासोरांनाही हे ठाऊक आहे, म्हणून कोणी त्याकडे बघत नाही. तिनं एक खणभर हातमागाचं सुती कापड घेतलं आणि त्याच्या काठानं ही फुलं भरायला घेतली. एका टोकाला पिवळट पांढरी, मग पाकळीच्या कडेला किंचित लाली, आणि सरकत सरकत दुसऱ्या टोकाला पूर्ण गुलाबी. रंग कुठं बदलला ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. दोऱ्याच्या छटा मिळेनात तेव्हा तिनं दोन रंगांचे धागे पिळून एक केले. रोजची शिलाई उरकून, दुपारी शटर अर्धं ओढून ती हे करायची. मी चहा नेऊन ठेवायचे आणि बघत उभी राहायचे. मला भरतकामातलं फार कळत नाही. पण ते बघताना गिऱ्हाइकाला दिलेली वेळही मी विसरायचे, हे खरं आहे.

एकदा शेजारच्या काकू आत डोकावल्या तशी मी घाईघाईनं त्यावर टॉवेल टाकला. "इथं कोणाले दाखवायचं नाई," मी धाकटीला बजावलं. "आज दाखवलं का उद्या बाजारात नक्कल येते. पयले मुंबईची मॅडम पाहीन." तिलाही ते पटलं. खण पूर्ण झाला तेव्हा तिनं फुलं आत जातील अशी त्याची घडी घातली आणि घडी सरकू नये म्हणून तिच्या सवयीप्रमाणे कोपऱ्यात दोन कच्चे टाके घातले, नारिंगी दोऱ्याचे. भरलेलं काम ती असंच बंद करून ठेवायची. दाखवायच्या वेळी कात्रीनं टाके कापायचे आणि समोरच्यासमोर घडी उलगडायची. तिला त्या उलगडण्याची फार हौस होती.

अकोल्याला आम्ही एसटीनं गेलो. मूर्तिजापूरच्या पुढं दोन्ही बाजूंना कपाशी हिरवीगार उभी होती. धाकटीनं पिशवी मांडीवर धरली होती आणि पिशवीत छोटी कात्रीही घेतली होती. "काय बोलू मी मॅडमसमोर?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तू नुसता खण उघड. बोलाचं माह्यावर सोड." ती हसली. ती त्या दिवशी सुंदर दिसत होती. तिनं स्वतः शिवलेलं ब्लाउज घातलं होतं आणि केसांत अबोली माळली होती.

मॅडम बोलल्या चांगलं. मी उगाच नावं ठेवणार नाही. पँट आणि आखूड कुर्ता, कानात काही नाही, बोलणं शुद्ध आणि थेट. कापड विकू नका, कापडामागची गोष्ट विका, असं म्हणाल्या. तुमच्या मातीत काय आहे ते आम्हाला दाखवा, असं म्हणाल्या. पडद्यावर त्यांनी कपाशीचं एक बोंड दाखवलं. वऱ्हाडातल्या भरल्या हॉलला कापसाचं बोंड दाखवलं आणि आम्ही त्यालाही टाळ्या वाजवल्या. धाकटी माझ्या कानाशी लागली. "ताई, यायले तं आपलाच खण पायजे हाय," ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं. इतक्या वर्षांत प्रथमच कोणीतरी व्यासपीठावरून आमच्याविषयी बोलत होतं.

व्याख्यान संपलं आणि राहिलेले सत्कार सुरू झाले. 'कर्तबगार महिला उद्योजिका' म्हणून ग्रुपमधल्या सगळ्यांनाच शाल आणि नारळ होता. एकीला द्यायचा आणि दुसरीला नाही, असं आमच्याकडे चालत नाही. वर्षभराचं तोंड वाकडं कोण सोसणार? माझंही नाव पुकारलं. मी गेले, शाल घेतली, मॅडमच्या शेजारी उभी राहून फोटो काढला. तो फोटो चांगला आला आहे. तेवढ्या वेळात भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं मला सुचलं नाही, कोणालाच सुचलं नाही. शेवटची शाल अंगावर पडली आणि कार्यक्रम घेणाऱ्या बाईंनी माइकवर सांगितलं, की मॅडमच्या गाडीची वेळ झाली आहे, त्यामुळे काम दाखवायचा तास आता होणार नाही. सगळ्यांनी जेवून जावं.

हॉलमध्ये कोणी ओरडलं नाही. खुर्च्या सरकल्या, एवढंच. मी धाकटीला हाताला धरून दरवाज्याशी नेलं, की जाता जाता तरी गाठू. आणि दरवाज्यात मॅडमना अडवलेलं होतं. ओटी राहिली होती. घरी आलेली सवाष्ण ओटी भरल्याशिवाय जाऊ द्यायची नाही, मग तिची गाडी चुकली तरी बेहत्तर. पँटवाल्या बाईला पदर कुठला? कोणीतरी सत्काराचीच शाल तिच्यापुढं झोळीसारखी धरली. मॅडम हसून, "हाऊ स्वीट," म्हणाल्या आणि वाकून उभ्या राहिल्या. सगळ्याजणी एकामागून एक हळदकुंकू लावत होत्या, तांदूळ, नारळ, खण घालत होत्या. गर्दीच्या रेट्यानं आम्ही दोघी पुढं ढकलल्या गेलो. कार्यक्रमवाल्या बाईंनी कुंकवाचा करंडा धाकटीच्या हातात दिला. "भर वं तू बी, लवकर. गाडी हाय त्यायची."

धाकटीच्या दुसऱ्या हातात पिशवीतून काढलेला तो खण होता. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. आता इथं कात्री काढून टाके कापायला वाव नव्हता, आणि कुंकू लावून ओटी रिकामी ठेवायची ही गोष्ट तिच्या हातून झालीच नसती. अशा वेळी हातात खण असताना तो मागं लपवणारी बाई आमच्याकडे अजून जन्माला यायची आहे. तिनं मॅडमच्या कपाळाला कुंकू लावलं, खण शालीत ठेवला आणि वाकून नमस्कार केला. "उघडून पाहजा," ती म्हणाली. मॅडम "हो हो, नक्की," म्हणाल्या. तोवर पुढच्या बाईचा नारळ त्यावर पडला होता.

परतीच्या एसटीत आम्ही दोघी खूश होतो. आज ते आठवलं की माझं मला नवल वाटतं. मी म्हटलं, बरंच झालं, हॉलच्या गोंधळात पाहण्यापेक्षा घरी निवांत पाहतील. धाकटी म्हणाली, "तिच्या घरी गेला आपला खण, ताई. मुंबईले." आणि मूर्तिजापूर येईपर्यंत पिशवीतल्या कात्रीशी चाळा करत बसली.

मग वाट बघणं. व्याख्यानाच्या वेळी वाटलेल्या मॅडमच्या कार्डावर नंबर होता. मी निरोप टाकला, की तुमच्या ओटीत कपाशीच्या फुलांचा खण आहे तो आमच्याकडचा, उघडून पाहा आणि कळवा. निळ्या खुणा आल्या. खाली जोडलेले दोन हात आले. धाकटीला मी म्हटलं, फोटो पाठवू या. तिनं नाही म्हटलं. "फोटोत तो रंग येतच नाई. मोबाइल पिवळ्याले बी पांढरंच करते. अन् खण तिच्याजवळ हाय न, मंग फोटो कायले पायजे?" मी पुन्हा एक निरोप टाकला. पुन्हा हात जोडलेले आले. तिसऱ्या निरोपाला तेही आले नाहीत. ग्रुपवर मात्र कार्यक्रमाचे फोटो येत राहिले आणि त्याखाली सगळ्या एकमेकींचं अभिनंदन करत राहिल्या.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या, जेवल्या, गेल्या. आंबील ढवळताना धाकटीनं मला पहिल्यांदा ते सांगितलं. "पाह्यला असन त्यायनं. आवडला नसन." मी म्हटलं, असं कसं होईल, मोठी माणसं कामात असतात. ती म्हणाली, "मोठ्या मानसायले पसंत पडलं का ते लगेच सांगतात, ताई. मले समजते." नवरात्रात तिनं स्वतःचं काम काढणं बंद केलं. दुपारी शटर अर्धं ओढलेलं असायचं आणि ती आरशासमोरच्या खुर्चीवर नुसती बसलेली असायची. फुलात काय चुकलं असेल ते ती मला विचारायची. गुलाबी जास्त झाला काय? काठ जाड झाला काय? मधल्या फुलांची पाकळी थोडी लांबट आली होती, तिला तेव्हाच वाटलं होतं. हे ऐकताना माझ्या जिवाला फार लागायचं. मी त्या फुलांत एकही खोट बघितली नव्हती, पण माझ्या शब्दाला काय किंमत? मी तर 'सेम टू सेम' म्हणणाऱ्यांची मापं घेणारी.

दिवाळीत दिरानं विचारलं नाही. त्याला दिसतच होतं. भाऊबीज झाली आणि सामान बांधायला लागलं.

निघायच्या दिवशी गल्लीतल्या चार-पाच जणी तिची ओटी भरायला आल्या. धाकटी पाटावर बसली, पदर पसरून. मी कुंकू लावलं, नारळ घातला. मग शेजारच्या काकू बसल्या. त्यांनी तांदूळ घातले आणि वर एक खण ठेवला.

मी आधी कोपरा बघितला. दोन टाके, नारिंगी.

धाकटीनंही बघितला. तिनं अंगठा त्या टाक्यांवरून फिरवला, एकदा, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "काकू, हा खण कुठचा वं?"

"माह्या नणंदेनं देल्ला महालक्ष्म्याले," काकू म्हणाल्या. "अकोल्याची हाय न ती. तिले तिच्या शेजारणीनं देल्ला म्हणे. ते बाई असे भाषणाचे कार्यक्रम घेते. मुंबईची पाव्हणी आलती तिच्याकडं, ते ओटीचं सारं गाठोडं तिच्याच गाडीत ठेवून गेली. रेल्वेत कुठी नेईन बिचारी एवढे नारळ! कावून वं, चांगला नाई काय?"

"चांगला हाय," धाकटी म्हणाली.

बायका चहाला आत गेल्या. आम्ही दोघीच पाटापाशी राहिलो. अकोल्याहून मुंबईला जायचा तो खण, वीस पावलांवरच्या काकूंच्या कपाटात येऊन बसला होता. महालक्ष्म्यांना ती आंबील ढवळत 'आवडला नसन' म्हणत होती, त्याच वेळी तो भिंतीपलीकडं होता. मला वाटलं, आता तरी तिच्या मनावरचं ओझं उतरेल. मी तिच्या जवळ सरकून म्हटलं, "पाह्य, तिनं उघडलाच नाई. म्हणजे नापसंत नाई केला वं तुहा खण कोणी."

"नापसंत केला असता तं बरं झालं असतं, ताई," ती म्हणाली. "कोणी पाहून तं नाई म्हणलं असतं."

तोंडाची कामं माझी, पण तिथं माझं तोंड चाललं नाही. तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ती रडतच नव्हती. तिनं मला पाटावर बसवलं. जाणारीनंही थोरलीची ओटी भरायची असते. तिनं मला कुंकू लावलं, स्वतःच्या पदरातले मूठभर तांदूळ माझ्या पदरात घातले आणि वर तो खण ठेवला. मग वाकली. मी तिला उठवून पोटाशी धरलं, तर तिचं अंग ताठ होतं. बाहेरून दीर म्हणाला, "निघू द्या वहिनी, बडनेऱ्याले गाडी भेटली पायजे." रिक्षात पेट्यांच्या मधे ती बसली आणि गेली.

टाके मी कापले. ते करायला मला बरेच दिवस लागले. घडी उलगडून तो खण दुकानात मशीनच्या वर, भिंतीला टाचला. आता दुकान म्हणजे साडीला फॉल-पिको, आणि माझ्याच्यानं होतील तेवढी साधी ब्लाउजं. दुसरी मशीन झाकून ठेवली आहे. ज्या बायका आधी मोबाइल काढायच्या, त्या आता आत येतात आणि पिशवी हातातच राहते. त्या भिंतीकडे बघतात. जवळ जाऊन फुलांवरून बोट फिरवतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एक म्हणाली, "माय, हे तं आपल्या वावरातलं फूल हाय." काकू तर कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. "हा तो खण?" त्या म्हणाल्या. "घरात होता अन् म्या उघडून बी नाई पाह्यला." आणि मग प्रत्येकजण तेच विचारते, की असा मले एक करून देतान काय. लेकीच्या लग्नाचं म्हणून कोणी विचारलं, कोणी स्वतःसाठीच विचारलं.

मी हे धाकटीला फोनवर सांगितलं. मला वाटलं, ती उड्या मारेल, म्हणेल कापड पाठवा. ती सुरतेला घरबसल्या साड्यांना खडे चिकटवते. गल्लीतल्या साऱ्याच बायका ते करतात.

"कोणाकोणानं विचारलं?" तिनं विचारलं. मी नावं सांगितली. काकूंचं सांगितलं.

"त्या शटरातून डोकावल्या होत्या तवा तुमी टॉवेल टाकला होता," ती म्हणाली. रागानं नाही, आठवलं म्हणून.

मग म्हणाली, "आता नाई होत, ताई. या गोंदानं बोटाची कातडी निघून राह्यली. सुई धरली तं समजतच नाई, धरली का नाई ते."